मागे राहिलेल्या आवाजासाठी

मावशीच्या घरात सुरांशी छत्तीसचा आकडा असलेला माणूस एकच, तिचा वायरमन भाचा. लहानपणी तिच्या गाण्याच्या वर्गात तीन वर्षं बसून त्याने कमावलं काय, तर 'भोंगा' हे नाव. आज मात्र मावशीचं त्याच भोंग्यावाचून अडलं होतं.

मावशींची लय हल्ली ढिली पडते, अशी महिनाभर वर्गातल्या मुलींची कुजबुज चालली होती. ती तिच्या कानावर गेलीच. एकाहत्तराव्या वर्षी तिने ठरवून टाकलं, गाणं रेकॉर्ड करायचं, सेकंद मोजायचे आणि लय खरंच गेली असेल तर वर्ग बंद. चाळीस वर्षांचा वर्ग!

भोंग्याने एका मित्राचा ऑडिओ इंटरफेस मागून आणला. पुस्तकाएवढी डबी. माइक डबीला जोडायचा, डबी कॉम्प्युटरला, आणि गाणाऱ्याने हेडफोन लावून आपलाच आवाज कॉम्प्युटरमार्गे ऐकायचा. माइक आधी मुकाच. त्याला वीज देणारं अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण दाबायचं राहिलं होतं.

"म्हणे वायरमन!" मावशी म्हणाली.

बटण दाबलं, आवाज फाटल्याचा लाल दिवा लागणार नाही इतपत आवाज वाढवला, आणि ती गाऊ लागली.

पहिली ओळ नऊ सेकंदांत. दुसरी दहा. चौथीला बारा. स्क्रीनवरचे आकडे तिनेही पाहिले. हेडफोन काढून तिने मांडीवर ठेवला.

"झालं. पोरी खोटं बोलत नव्हत्या."

उगाच काहीतरी करायचं म्हणून भोंग्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि माइकमध्ये खाकरला. खाकरणं कानात मागाहून आलं. तो चमकला. त्याने सेटिंग उघडलं. बफर, दोन हजार अठ्ठेचाळीस. म्हणजे कॉम्प्युटर ओंजळभर आवाज साठल्याशिवाय पुढे सोडतच नव्हता! त्याने ओंजळ लहान केली, चौसष्टवर आणली.

"मावशी, एकदाच. माझ्यासाठी."

नऊ. नऊ. नऊ. नऊ.

साथीला कुणी नाही, डोळे मिटलेले, आणि दशांशानंतरचा आकडाही जेमतेम हललेला. भोंगा स्क्रीनकडे बघतच राहिला. जन्मभर भिंतीत तारा ओढल्या, मीटर वाचले, पण इतकं चोख मोजमाप त्याने कुठल्या यंत्रातही पाहिलं नव्हतं.

"मग मघाशी हळू का होत गेलीस?"

"अरे, कानातला आवाज मागे पडत होता ना. माझाच होता, कळत होतं मला. पण मागे राहिलेलं कुणी ऐकू आलं की मी थांबतेच. जुनी खोड. त्याला टाकून पुढे कशी जाऊ?"

"हल्ली वर्गात कोण मागे पडतं?"

"ती नवी आलीय महिन्यापूर्वी, कोपऱ्यात बसते, घाबरते बिचारी..." बोलता बोलता मावशी थांबली. मग खुदकन हसली. "उद्या वर्ग आहे म्हणावं. नेहमीच्या वेळेला."

भोंगा वायरी गुंडाळायला लागला. तीन वर्षं तोही त्याच कोपऱ्यात बसून गायला होता, आणि एकदाही मागे एकटा पडला नव्हता. त्याला वाटायचं, गाणीच तेवढी संथ असतात.