अव्वल शेगडी

"पंखा पूर्ण सोडा," वन्सं म्हणाल्या, "आणि अजून जवळ आणा."

दुकानदाराने उभा पंखा ओढत आणला, शेगडीच्या तोंडावर रोखला आणि बटण दाबलं. निळी ज्योत एका अंगाला लवली, फडफडली आणि विझली. वन्संनी नुसतं 'च्च' केलं. दुकानामागच्या फरशीवर एव्हाना अशा तीन नापास शेगड्या रांगेत बसल्या होत्या.

वन्सं म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या धाकटीची, घरच्या धाकट्या सुनेची, थोरली नणंद. आजकाल नणंदेला वन्सं कोण म्हणतं? पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात धाकटीने गमतीने म्हटलं, नणंदबाईंनी ते मनापासून मिरवलं आणि मग तेच नाव पडलं. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि बावीस वर्षं मुलांच्या सहलींना उघड्यावर रांधून घातलं होतं. त्यांच्या हातच्या चहाची आठवण काढणारी टक्कल पडलेली माणसं अजून रस्त्यात भेटत.

धाकटीचं आणि चुलीचं मात्र वाकडं. दूध उतू घालवावं तर तिनेच. ती दगड तपासणाऱ्या संस्थेत कामाला होती. सहा वर्षं दुसऱ्यांनी आणून दिलेले दगड तिने कापले, घासले, भिंगाखाली पाहिले. त्यातूनच तिने एका कड्याबद्दल एक अंदाज बांधला होता, सगळ्यांच्या मताच्या अगदी उलट. तो खरा की खोटा, हे कड्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळणार नव्हतं आणि यंदा पहिल्यांदाच तिला तिथे नेणार होते. वीस दिवस, तंबूत, साहेब आणि तीन सहकारी यांच्याबरोबर. साहेबांनी तयारी वाटून दिली. एकाला नकाशे, एकाला दोर, एकाला तंबू. धाकटीला म्हणाले, "तुम्ही शेगडी बघा. तुम्हाला त्यातलं कळतं." यादीत आपलं नाव आलं याचाच तिला एवढा आनंद झाला होता, की तिने मान डोलावली आणि घरी येऊन वन्संना साकडं घातलं.

"पुढची," वन्सं म्हणाल्या.

चौथी शेगडी रुंद होती, चार पायांची, भोवती पत्र्याचा आडोसा असलेली. पंख्यापुढे तिची ज्योत जागची हलली नाही. वन्संनी एका पायाखाली वीट सरकवून शेगडी तिरकी केली, वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं आणि डाव्या हाताने डाव फिरवत राहिल्या. पातेलं सरकलं नाही. मग त्यांनी दुकानदाराकडून लोकरीचे हातमोजे मागून घेतले, शेगडी विझवली आणि ते घालूनच पुन्हा पेटवली.

"मोजे कशाला?" दुकानदाराने विचारलं.

"डोंगरात पहाटे बोटं वाकत नाहीत. इथे मस्त फिरणारी कळ तिथे छळते."

बूट घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं एव्हाना मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. पाणी उकळलं. वन्संनी कान देऊन ऐकलं, आच कमी केली आणि पाणी बरोबर हवं तेवढंच खदखदत ठेवलं.

"वा! काय हात आहे!" त्यातला एक म्हणाला.

"बाई, तुम्ही आमच्याकडे कामाला या," दुकानदार म्हणाला. "सतरा वर्षं शेगड्या विकतोय, अशी पारख नाही पाहिली."

धाकटीची छाती अभिमानाने फुगली. बघत राहावं असंच होतं ते. हातात एक उगाचची हालचाल नाही, तोंडात एक फुकटचा शब्द नाही.

"अव्वल आहे," वन्सं हात पुसत म्हणाल्या. "पाच माणसांचं एका वेळी होईल. वाऱ्यात विझणार नाही, उतारावर कलंडणार नाही."

"मग हीच घेऊ या!"

"घेऊ नकोस."

दुकानदार पिशवी काढायला वळला होता, तो तसाच थांबला.

"अहो वन्सं, पण तुम्हीच तर..."

"तुझ्या त्या कड्यावर ऊन कधी असतं गं?"

"सकाळी. जेमतेम दहापर्यंत. त्यानंतर सावली, मग थर नीट दिसत नाहीत."

"आणि सकाळी या शेगडीपाशी कोण असेल?"

'तुम्ही शेगडी बघा' हे साहेबांचं वाक्य धाकटीला आत्ता पहिल्यांदा ऐकू आल्यासारखं झालं.

वन्सं विटेवरून शेगडी उतरवत होत्या. "पहिल्या सहलीला मी नकाशे घेऊन गेले होते. स्वयंपाकी आला नाही, म्हणून मी भात टाकला. सगळे म्हणाले, बाई, काय हात आहे! दुसऱ्या वर्षी स्वयंपाकी कुणी सांगितलाच नाही."

"मग तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"कौतुक होत होतं ना. शिव्या दिल्या असत्या तर पहिल्याच वर्षी पळी टाकून उठले असते." त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. "पोरांना नदीचं वळण दाखवायला न्यायचो. बावीस वर्षं ते गणिताच्या मास्तरांनी दाखवलं. आणि मेल्याने दर वर्षी चुकीचं दाखवलं."

गिऱ्हाइकं हसली. धाकटीला हसता येईना. या बाईच्या हातचं आपणही नऊ वर्षं मिटक्या मारत खाल्लं आणि नदीबद्दल एका अक्षराने विचारलं नाही, हे तिला आत्ता कळत होतं.

ती दुकानदाराकडे वळली. "सगळ्यात लहान दाखवा."

त्याने पेल्याएवढी शेगडी आणली. "ही एकट्यासाठी आहे हो. हिच्यावर एकाचंच होतं."

धाकटीने मोजे चढवले. पहिली काडी मोडली, दुसरी विझली. वन्सं पुढे सरसावल्या, पण मध्येच थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. तिसरी काडी लागली. पंख्यापुढे ज्योत थरथरली, पण टिकली. वीट लावून झाली, डाव फिरवून झाला. थोडं पाणी सांडलं.

"पास?" धाकटीने विचारलं.

"काठावर," वन्सं म्हणाल्या. "पण पास."

"पाच द्या," धाकटी दुकानदाराला म्हणाली. "माणसं पाच आहेत."

मग तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. शेगड्या घेतल्या, पाच, हो, पाच.

"पाच कशाला?" पलीकडून आवाज आला. "एका मोठीवर सगळ्यांचं झालं असतं की."

"झालं असतं, सर. पण सकाळी मी कड्यावर असेन."

मग साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "मला ती पेटवता येत नाही हो."

"सोपी आहे, सर. सोमवारी शिकवते सगळ्यांना. एकदाच."

दुकानदाराने पाच खोकी दोन पिशव्यांत भरून दिली. बाहेर फुटपाथवर आल्यावर वन्संनी एक पिशवी तिच्याकडून काढून घेतली. दहा पावलं चालल्या आणि थांबल्या.

"त्या कड्यात नेमकं काय आहे गं?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे सगळे काय म्हणतात आणि तू काय म्हणतेस? नीट सांग. थर खालून वर मोज."

घरात हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. धाकटीने पिशवी खाली ठेवली. शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोच्या पत्र्यावर धूळ साचली होती. तिने बोटाने खाली एक आडवी रेघ ओढली. वन्संनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि त्या जवळ सरकल्या.