उजेड लागला, पण मेण हलेना

मित्रांनो, मी एक जुना लाव्हा दिवा आहे. लाव्हा म्हटलं म्हणून घाबरू नका, माझ्यात ज्वालामुखी वगैरे काही नाही. माझ्या पोटात काचेची एक मोठी बाटली आहे. तिच्यात पाण्यासारखा पातळ द्रव आणि लाल मेण आहे. खाली पत्र्याच्या बैठकीत बल्ब लागतो. त्याच्या उष्णतेनं मेण वितळतं, हलकं होतं आणि गोळे होऊन वर चढतं. वर गेलं की गार होऊन परत खाली येतं. जमिनीवर उभं केलं तर मी तुमच्या कमरेला लागेन, एवढा मी मोठा आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुढं काही वर्षं मी औरंगपुऱ्यात एका खेळण्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत उभा होतो. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी मला क्रांती चौकाजवळच्या एका डायलिसिस केंद्राला भेट दिलं.

तिथं जाईपर्यंत डायलिसिस म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत, त्यांचं रक्त यंत्रातून साफ करतात. त्यासाठी हातात दोन जाड सुया टोचतात आणि चार तास पलंगावर पडून राहावं लागतं. तेही आठवड्यातून तीनदा. पहिल्या दिवशी त्या सुया पाहिल्या आणि माझं मेण वरच्या वर थिजतं की काय, असं मला वाटलं.

माझ्या समोरच्याच पलंगावर चिकलठाण्याच्या कडूबाई असत. सुईची त्यांना फार भीती. पण मला पहिल्यांदा पाहिलं आणि त्या मोठ्यानं हसल्या.

"अगं बया! तेलात भजं वर यावं तसं येतंय की हे!"

तेव्हापासून सगळे मला भज्यांचा दिवा म्हणू लागले. सुया टोचण्याचं काम इंद्रजीत नावाचा तरुण तंत्रज्ञ करी. कडूबाई माझ्याकडं टक लावून बघत, एखादा गोळा सुटायची वाट पाहत, आणि तेवढ्यात इंद्रजीत सुई लावून मोकळा होई. दोन वर्षं असं चाललं. मला वाटे, या बाईंचा सगळा धीर माझ्यामुळंच आहे. मला त्याचा गर्वही होता, हे कबूल करतो.

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी माझा बल्ब गेला. इंद्रजीतनं लगेच दुसरा आणून लावला. उजेड आधीपेक्षा लख्ख पडला. पण माझं मेण हलेना. एक तास गेला, तीन तास गेले, तरी लाल ढीग तळाशी तसाच बसलेला. आत काय बिघडलं ते मलाही कळेना. दिवा तर लागलेला होता!

सोमवारी सकाळी कडूबाई आल्या. माझ्याकडं बघितलं आणि पलंगावर बसल्याच नाहीत.

"हे मेलं का काय?"

"नाही मावशी, होईल सुरू," इंद्रजीत म्हणाला. त्यानं मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. माझं पाणी गढूळ झालं. तळाशी तारेचं एक वेटोळं असतं, ते मेणाला एकत्र ठेवतं. ते जागचं सुटून वाकडं झालं. मेण तसंच राहिलं.

"मग मी पण नाय," कडूबाई म्हणाल्या. "मला आज लई भ्या वाटतंय. बुधवारी येते." आणि त्या खरंच पिशवी उचलून निघून गेल्या.

मित्रांनो, मी हादरलो. डायलिसिस चुकवलं तर अंगात पाणी साठतं, जिवावर बेततं, हे मी तिथं रोज ऐकत होतो. आणि एक शहाणीसुरती बाई माझ्या मेणासाठी ते चुकवून गेली! रूपा नावाची परिचारिका त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत धावली.

मेण लगेच हललं तर त्या परत येतील, असं इंद्रजीतला वाटलं असावं. त्यानं माझी बाटली बैठकीतून उपसली आणि छातीशी धरून चालू लागला. दाराजवळच्या पलंगावर मुनीबचाचा होते. ते त्याच दिवशी पहिल्यांदा या केंद्रात आले होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात भट्ट्या दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"कहाँ ले जा रहे, बेटा?" त्यांनी विचारलं.

"आलोच चाचा, पाच मिनिटांत," तो म्हणाला.

त्यानं मला चहाच्या खोलीत नेलं आणि गॅसच्या शेगडीवर ठेवलं. खाली निळी ज्योत लावली.

मला काही सुचेना. इतकी वर्षं ज्या मंद उबेवर मी जगलो, तिच्या जागी हा जाळ! तळची काच तापली, वरची गारच होती. मेण भसकन वितळलं आणि त्याचे शेकडो बारीक मणी होऊन उधळले. टोपण घट्ट बंद. आतली हवा फुगू लागली, पण तिला जायला वाटच नव्हती. काचेतून टक्‌ असा आवाज आला. इंद्रजीत माझ्यावर वाकून बघत होता. त्याचे डोळे माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. मी फुटलो तर याचं काय होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

तेवढ्यात रूपा परत आली. कडूबाई रिक्षात बसून गेल्या होत्या. खोलीच्या दारातच ती किंचाळली, "इंद्रजीतभाऊ, दिवा गॅसवर?"

ते मुनीबचाचांनी ऐकलं. ते पलंगावर ताडकन उठून बसले. हाताची नळी ओढली गेली आणि त्यांचं यंत्र पीं पीं वाजू लागलं.

"गॅस बंद कर! बॉम आहे तो, बॉम! हात नका लावू, बाहेर निघा आणि दार लावा!"

इंद्रजीतनं बटण फिरवलं आणि तो मागं सरकत बाहेर पडला. मुख्य परिचारिका रत्नमाला सिस्टरांनी चाचांना धरून निजवलं, नळी सरळ केली. मी त्या खोलीत एकटा तडतडत राहिलो. दोन तास कुणी आत आलं नाही. फुटलो नाही, एवढंच.

दुपारी चाचांनी पलंगावरून विचारलं, "बल्ब कोणता लावला होता?" रूपानं तो आणून दाखवला. "अरे, हा एलईडी! ह्यात उजेड आहे, गरमी कुठंय? जुना, आत तार तापणारा बल्ब पाहिजे. आणि वरच्या एसीचं तोंड बघा. सगळं वारं दिव्याच्या जागेवरच पडतंय."

इतकी साधी गोष्ट! मी थक्क झालो. माझ्या अंगाखालचा गारवा मलाही ओळखता आला नव्हता.

मणी परत एक व्हावेत म्हणून मला दोन दिवस गार पडू द्यायचं ठरलं. इंद्रजीतनं औरंगपुऱ्यात बारा दुकानं पालथी घातली. शेवटी गयासभाईंच्या विजेच्या दुकानात माझ्या जुन्या मापाचा बल्ब मिळाला. पण त्या दिवसापासून त्याचे हात थरथरू लागले. मंगळवारी त्यानं एकही सुई लावली नाही. "मी हे काम सोडतो, सिस्टर," असं म्हणाला.

बुधवारी कडूबाईंना त्यांच्या मुलानं धरून आणलं. पाय सुजलेले, धाप लागलेली, तोंडातून धड शब्द निघत नव्हता. मी तिथंच होतो, विझलेला, पातळ कापड पांघरलेला. रूपानं त्यांना शेगडीची गोष्ट सांगितली. 

"मी गेले म्हणून त्यानं केलं व्हय हे?" त्यांनी विचारलं. "पोराचं तोंड फुटलं असतं की गं!"

मग त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या इंद्रजीतकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"ये बाबा. सुई तूच लाव."

"मावशी, माझा हात थरथरतोय."

"माझा बी. आपण दोघं मिळून थांबू जरा."

ते थांबले. माझ्याकडं कुणीही बघत नव्हतं. कडूबाई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या, तो त्यांच्या हाताकडं. मग सुया लागल्या, दोन्ही, पहिल्याच वेळी. कापडाखाली मी पुरता चकित झालो. माझ्याशिवायही त्यांना धीर होता!

दुसऱ्या दिवशी योग्य बल्ब लागला, एसीचं तोंड वळवलं गेलं. मेण नुसतं मऊ झाल्यावर, काच फार तापण्याआधीच, चाचांनी सांगून ठेवल्याप्रमाणं, रूपानं बल्ब बंद करून जाड फडक्यात माझी बाटली धरली आणि हळूच गोल फिरवली. वेटोळं तळाशी बसलं. पुन्हा बल्ब लावल्यावर चार तासांनी पहिला गोळा सुटला. पाणी अजून थोडं गढूळ आहे. ते तसंच राहील, असं चाचा म्हणतात.

मित्रांनो, तुमच्याकडं माझ्यासारखा एखादा दिवा असेल तर त्याला कधीही चुलीवर, शेगडीवर किंवा उन्हात ठेवू नका. तापलेला असताना हलवू नका. तो थांबला तर मोठ्या माणसाला बोलवा, बल्ब तपासा, वारं कुठून लागतंय ते बघा आणि वाट पाहा. प्रेमानं केलेल्या घाईनंही काच फुटते. त्या सोमवारी मी कुणाचे डोळे घेतले असते, या विचारानं चांगला तापलेला असतानाही मला आजही कापरं भरतं.