पाचवा सोटा

राय धान्याची मळणी अर्ध्यावर आली होती आणि फोल्कमार कोट काढून खळ्यात उतरला होता. शहरातल्या विद्यापीठात त्याला शिकवायची परवानगी मिळणार की नाही, ते आज हेसेन प्रांतातल्या या कोठारात ठरायचं होतं. जुन्या ग्रीकांची काही गाणी पाच मात्रांच्या तालावर चालत, असा त्याने ग्रंथ लिहिला होता. परीक्षक प्राध्यापक टीमे म्हणाले होते, "पाचाचा ताल माणसाच्या अंगाला मानवतच नाही. हा तुमचा कागदावरचा खेळ आहे." पाच जणांच्या मळणीचा ताल ऐकवायला फोल्कमारने त्यांना सरळ आपल्या गावी आणून पोत्यावर बसवलं.

मळणीवाल्यांचा मुकादम म्हातारा हेन्नर. तो म्हणाला, "पाद्र्याच्या पोरा, तिघं झोडपतात, चौघं झोडपतात, सहा जण झोडपतात. पाच उभे राहिले की कुणाचं तरी डोकं फुटतं."

"माझं फुटेल, हेन्नरबाबा. पाचवा मीच आहे."

"मग हरकत नाही. त्यात पुस्तकंच आहेत."

धान्य झोडपायचे सोटे पाळीपाळीने फिरू लागले. एक, दोन, तीन, चार, जराशी उसंत, मग पाच. पुन्हा तसंच. प्राध्यापकांनी काठी रोखली. "ही झाली सहावी मात्रा. मी काय म्हणत होतो?"

फोल्कमारचा चेहरा उतरला नाही. त्याने कान दिला. उसंत दर खेपेला एकाच जागी पडत होती, त्याच्या स्वतःच्या सोट्याआधी.

"ताल बरोबर आहे, माझा हात जड आहे," तो मोठ्याने म्हणाला. "मार्थे, हा तू घे."

हेन्नरची सून मार्थे पेंढ्या सोडत होती. ती हात झटकत आली. "कधीची बघतेय. सोटा आहे तो, लिहायचा टाक नव्हे. व्हा बाजूला."

आता उसंत उरलीच नाही. पाच घाव एकामागोमाग पडत, आणि पाचव्याला टेकूनच पहिला उठे. भुसा उडाला, जमीन हादरू लागली. हेन्नरला हसू आवरेना. कुणाचंही डोकं फुटलं नाही.

प्राध्यापकांची काठी फळीवर वाजत होती. पाच, आणि पुन्हा पाच. ते बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"सोमवारी येऊन परवानगीपत्र न्या," ते म्हणाले. "मात्र विद्यार्थ्यांसमोर स्वतः ठेका धरू नका."

"नाही धरणार," फोल्कमार म्हणाला. "त्यांनाच इथे घेऊन येईन."

"या की," हेन्नर सोटा न थांबवता ओरडला, "पण मळणी संपायच्या आत या!"