माझ्या पोटातली कॉइल

मी एक व्हिडिओ गेमचा कन्सोल आहे आणि माझं वजन साडेपाच किलो आहे. हसू नका. टीव्हीला जोडायचं, हातात कंट्रोलर धरायचा आणि खेळायचं, एवढंच माझं काम. एवढ्याशा कामाला साडेपाच किलो कशाला लागतात, हा प्रश्न माझ्या जन्माआधीच कुणीतरी विचारायला हवा होता.

माझा जन्म हिंगण्याच्या एमआयडीसीतला. आमचा कारखाना मुळात स्टॅबिलायझरचा. विजेचा दाब कमीजास्त झाला तरी फ्रिज-कूलर जळू नयेत म्हणून जो लोखंडी डबा भिंतीवर टांगतात, तो. बाबारावांनी कारखाना काढला आणि जाताना मुलाला, म्हणजे जितेंद्रभाऊंना, एकच शिकवण दिली: माल टणक बनव, गिऱ्हाईक आपोआप परत येतं. भाऊंनी ती अंगाऱ्यासारखी कपाळाला लावली.

त्या डब्याचा जीव म्हणजे आतली तांब्याच्या तारेची कॉइल. ती वंदनाताई गुंडाळायची. एकोणीस वर्षं तेच काम. मशीन फिरायचं, पण तारेला ताण तिचा हात द्यायचा. शेवटचा फेरा झाला की ती लाल दोऱ्याची दुहेरी गाठ मारायची. बाकीच्या बाया पांढरा दोरा वापरत.

"माही कॉइल जळून वापस आली त मले समजलं पायजे," ती म्हणायची. लाल दोऱ्याची कॉइल क्वचितच परत आली.

मग स्टॅबिलायझरचा खप उतरला. नवे फ्रिज आणि एसी ती सोय आतच घेऊन यायला लागले. भाऊंची मुलगी मिनल पुण्याहून एमबीए होऊन आली होती. तिने योजना मांडली. आपण गेमचा कन्सोल बनवू. यंत्र तोटा खाऊन स्वस्तात विकायचं. मग लोक वर्षानुवर्षं गेम घेत राहतील, त्यातून कमवायचं. पोरगी हुशार होती, खोटं काही सांगत नव्हती. फक्त असा धंदा करणाऱ्यांकडे स्वतःचे गेम असावे लागतात आणि दहा वर्षं तोटा पचवायचं पोट असावं लागतं, हे तिच्या तक्त्यात फार बारीक अक्षरात होतं.

भाऊंना योजना पटली, पण रक्त बाबारावांचं. माझा प्लास्टिकचा हलका नमुना त्यांनी हातात तोलून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हे का खेळणं आहे का?"

"बाबा, खेळणंच आहे ते," मिनल म्हणाली.

भाऊंनी ऐकलं नाही. पत्र्याची पेटी केली आणि आत स्टॅबिलायझर बसवला, तोही एवढा दमदार की माझ्यासोबत टीव्हीसुद्धा त्याच्यावर चालावा. सात वर्षांची गॅरंटी दिली. जे यंत्र स्वस्तात पडायला हवं होतं, त्याचा खर्च दुप्पट झाला. विकायचा भाव मात्र मिनलच्या तक्त्यातलाच राहिला. बापाचं शहाणपण आणि लेकीचं शहाणपण एकाच पेटीत कोंबलं, की माझ्यासारखं काहीतरी जन्माला येतं.

भाऊंनी सगळ्या कामगारांना जमवून योजना समजावली. शेवटी वंदनाताईने विचारलं, "भाऊ, एक डब्बा इकला का आपल्याले तोटा होते ना?"

"हो."

"मंग जास्त इकले त जास्त तोटा. बनवून काहून राहिलो आपण?"

"गेम इकून निघन, वंदना."

"अन् गेम कोन बनवून राहिलं?"

भाऊंनी मिनलकडे पाहिलं. मिनल म्हणाली, "बोलणी सुरू आहेत."

त्या वर्षी खंडेनवमीला कारखान्यात नेहमीसारखी यंत्रांची पूजा झाली. वंदनाताईने आपलं कॉइल गुंडाळायचं वाइंडिंग मशीन पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. माझ्या पहिल्या खेपेच्या कॉइल तिने आधीच गुंडाळून ठेवल्या होत्या; पुढच्या बाहेरून तयार यायच्या होत्या. आठ दिवसांनी माझ्यासाठी जागा हवी म्हणून तिन्ही वाइंडिंग मशिनं विकली. कुंकू अंगावर असतानाच मशिनं टेम्पोत चढली. वंदनाताईला माझ्या खोक्यांवर स्टिकर चिकटवायला बसवलं. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण निमित्त मीच होतो.

मी बाजारात गेलो. पोटात चार गेम, त्यातला एक लुडो. गिऱ्हाईक म्हणे, आधी गेम दाखवा, मग घेतो. गेम बनवणारे म्हणत, आधी लाखभर कन्सोल विका, मग येतो. दोघेही आपल्या जागी बरोबर होते. पोरं तर फोनवर फुकट खेळत होती. ज्यांनी मला घेतलं, ते पुन्हा फिरकले नाहीत. मी बिघडतच नव्हतो, आणि मला जोडायला नवं काही नव्हतं. मग कशाला येतील? बाबारावांची शिकवण माझ्या धंद्यात अशी उलटी पडली.

दोन वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं. निरोपाच्या दिवशी भाऊंनी प्रत्येक कामगाराला एकेक कन्सोल दिला. कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. आता ते जरीपटका भागातल्या एका दुकानात नोकरीला आहेत, दुसऱ्या कंपनीचे स्टॅबिलायझर विकतात. वंदनाताई बरेच कारखाने फिरून आली. हाताचं काम कुणालाच नको होतं. शेवटी ती शहराबाहेर, वाडी भागातल्या एका गोदामात पार्सलं उचलायला लागली. दिवसभर उभ्याने करायचं काम. संध्याकाळी घरी आली की पाय चोळत बसते आणि बोटं उगाच हवेत काहीतरी गुंडाळत राहतात.

तिच्या वाट्याला आलेला मी वाडीतल्या तिच्याच भाड्याच्या खोलीत, फळीवर. एकदा तिच्या नवऱ्याने, रुपरावांनी, मला टीव्हीला जोडलं. पडद्यावर आलं, 'सर्व्हरशी जोडत आहे'. सर्व्हर कारखान्यासोबतच बंद पडलेला, आणि त्याच्याशिवाय पोटातला लुडोही उघडत नाही. तासभर चक्र फिरलं, मग त्यांनी पिन काढली.

आता मे महिना आहे. भरदुपारी विजेचा दाब एवढा पडतो की कूलर नुसता घूं-घूं करतो, फिरत नाही. आज सुटीच्या दिवशी रुपराव म्हणाले, "स्टॅबिलायझर घ्या लागते वं." वंदनाताईने माझ्याकडे पाहिलं. मला खाली काढलं, मांडीवर उलटं घेतलं आणि चार स्क्रू काढले.

आत लाल दोरा होता. दुहेरी गाठ.

बराच वेळ ती त्या गाठीवर अंगठा ठेवून बसली. रडली. मग तिने कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला.

"प्रयागबाई, तुह्या घरचा डब्बा भंगारात देऊ नको वं. घेऊन ये. त्याच्यात आपली कॉइल आहे, त्याचा स्टॅबिलायझर करू."

यातून कारखाना उभा राहणार नाही, एवढं मला कळतं. माझं गेमचं कार्ड, म्हणजे माझा मेंदू, अजून वायरला लोंबतंय, म्हणून बोलता येतंय. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ धूळ खात पडला असेल, तर त्याला भंगारात विकण्याआधी चार स्क्रू काढून बघा. दोरा लाल असेल तर वाडीत वंदनाताईला नेऊन द्या. तिच्या हाताला काम पाहिजे.

तिने पक्कड उचलली आहे. ताई, ती वायर कापा. खेळायला मला कुणी बोलावलंच नव्हतं. निदान तुमचा कूलर तरी फिरू द्या.