फ्रिजमधलं शेवाळ

सोमवारी सकाळी थंड खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग मेकॅनिकला फोन केला.

बाईंना सगळे मावशी म्हणत. एकोणीस वर्षं त्या या खोलीत जाड स्वेटर घालून शेवाळ सांभाळत होत्या. ध्रुवाकडच्या समुद्रातले हे हिरवे जीव इतके बारीक, की लाखो एकत्र आले तरी फ्लास्कातलं पाणी जेमतेम हिरवट दिसायचं. असे चाळीस फ्लास्क. चार अंशांची थंडी, मंद दिवा, महिन्याकाठी ताजं खारं पाणी. त्या थंडीने मावशींच्या बोटांची पेरं कायमची सुजली होती.

मेकॅनिकने यंत्र उघडलं आणि मान हलवली. "पार्ट मागवावा लागेल. गुरुवारच्या आत काही होणार नाही."

दुपारी तापमापकाचा काटा अकरा अंशांवर गेला. इमारतीतले फ्रिज रसायनांनी गच्च होते. मावशींनी दोघातिघांकडे शब्द टाकून पाहिला, सगळ्यांनी हात वर केले. शेवटी त्यांनी परगावी परिषदेला गेलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना फोन लावला.

"मावशी, तुमच्या घरी फ्रिज आहे ना?"

"आहे. पण दार लावलं की आत अंधार होतो."

"अंधाराची त्यांना सवय आहे. तिकडे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, तेव्हा अंगात साठवलेल्या पिठावर आणि तेलावर दिवस काढतात. उकाडा मात्र सोसणार नाही. किती मावतील?"

मावशींनी मनातल्या मनात फ्रिज रिकामा केला. "अठरा."

"मग अठरा न्या. कोणते ते तुम्हीच ठरवा, मी इथून काय सांगू?"

सगळ्यांना सारखं पाणी घालणाऱ्या माणसाला आता निवड करायची होती. मावशी खोलीत बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी हाताला येतील तसे अठरा उचलले, थर्मोकोलच्या दोन खोक्यांत बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवले आणि टॅक्सी केली.

घरी नणंद होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने ती त्यांच्याकडेच होती. मावशींचे यजमान लांबच्या फेऱ्यांवरचे ड्रायव्हर, त्यामुळे तिचं सगळं मावशींच्याच गळ्यात पडलं होतं.

"वहिनी, हे काय आणलंस?"

"शेवाळ."

"म्हणजे शेवाळ गारव्यात आणि भाजी ओट्यावर! छान."

मावशींना वाद घालायचंही त्राण नव्हतं. खुर्चीवर बसून त्यांनी नणंदेला सांगितलं, की हे जीव बर्फाच्या पोटात राहतात. समुद्र गोठताना बर्फातलं मीठ बाजूला निघतं, त्या अतिखाऱ्या पाण्याच्या केसाएवढ्या नळ्यांत यांचा संसार. "थंडीत लोणी घट्ट होतं, पण तेल पातळ राहतं ना? यांच्या अंगावरचं आवरण तेलाच्या जातीचं, म्हणून आखडत नाही. आणि बर्फाच्या सुया वाढू नयेत म्हणून स्वतःच कसलंसं प्रथिन सोडतात."

"माझ्या गुडघ्यात सोडायला सांग थोडं," नणंद म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा मावशींना हसू आलं.

बुधवारी सकाळी मावशींनी फ्रिज उघडला, तर मागच्या भिंतीला टेकलेला एक फ्लास्क गोठून दगड झाला होता. थंडीचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

"मीच फिरवलं," नणंद ओशाळून म्हणाली. "मला वाटलं, बिचाऱ्यांना थंडी कमी पडत असेल. मेले का गं?"

"बघू."

बटण मागे घेऊन मावशींनी तो फ्लास्क सावकाश वितळू दिला. गुरुवारी दुपारी यंत्र सुरू झालं, तेव्हा अठराही परत नेऊन त्यांनी गोठलेल्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बरेच जीव फुटलेले होते. पण मधूनच एखादा आपल्या दोन बारीक शेपट्या हलवत संथपणे पुढे सरकत होता.

खोलीतच राहिलेल्या बावीस फ्लास्कांचं मात्र पाणी फिकट पडलं होतं. तळाशी पिवळट गाळ. मंगळवारीच काटा सव्वीसला पोचला होता. मावशींनी प्रत्येकातला थेंब पाहिला. कुठे काही हलत नव्हतं.

शुक्रवारी मॅडम आल्या. फिकट पडलेल्या फ्लास्कांवरून त्यांनी बोट फिरवलं. "यातले पाच मी पहिल्या सफरीत स्वतः बर्फ पोखरून आणले होते."

मावशींनी पदराने हात पुसले. "एक सांगायचं होतं. फ्रिजचा खालचा कप्पा मी नणंदेच्या इंजेक्शनांना ठेवला होता. तो रिकामा केला असता, तर आणखी चार मावले असते."

मॅडमनी फ्लास्कांवरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "इंजेक्शनं बाहेर ठेवून चालली असती का?"

"नाही."

"मग झालं तर." पण त्या लगेच आपल्या खोलीत निघून गेल्या.

मावशींनी बावीस फ्लास्क मोरीत आणले. गाळ खरवडून, उकळत्या पाण्याने एकेक धुऊन पालथा घालेपर्यंत संध्याकाळ झाली. बोटांची पेरं ठणकत होती, म्हणून दोन दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी न वाचताच सही केली.