नितेशचा धुकट फोटो

दुपारची लाइट जायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून अफसाना घाई करत होती, आणि अपेक्षाचा हात काही केल्या माउसवरून उठत नव्हता.

"हां, आता याच फोटोची कॉपी कर. खालचा साफ राहू दे, वरचा पूरा धुंदला कर. मग वरचा पातळ करत जाय. बस, इतकंच तर हाये!"

स्टुडिओ अफसानाच्या नवऱ्याचा, मुजम्मिलचा. तो लग्नांचे फोटो काढत गावोगाव हिंडायचा आणि हिवरखेडच्या बाजारातलं हे दुकान, कॉम्प्युटरसकट, मागे अफसाना सांभाळायची. अपेक्षा तिची मैत्रीण. सासूचा, गोदाबाईचा, दुपारी डोळा लागला की सानूला कडेवर घेऊन ती इथं यायची. स्टुडिओत काश्मीरचे डोंगर रंगवलेला एक जुना पडदा होता. त्याची घडी करून त्यावर लेकीला निजवायचं, आणि ती उठेपर्यंतचा वेळ आपला. कधी तो तासभर निघायचा, कधी डोंगरावर पाठ टेकायच्या आतच संपायचा.

आजचा फोटो नितेशचा होता, दिवाळीत अंगणात काढलेला. नितेश म्हणजे सानूचा बाप. लागोपाठ दोन वर्षं कापसानं दगा दिला, तेव्हा शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन तो अकोल्याच्या एका जिनिंगात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागला होता. खालचा नितेश स्वच्छ, शर्टाची गुंडी न गुंडी मोजून घ्यावी असा. वरचा नितेश पार विरघळलेला. अपेक्षानं एकावर दुसरा बसवला, आणि त्याच्या चेहऱ्यातून आतून दिवा लावल्यासारखा उजेड झिरपायला लागला. डोळ्यांखालचं काळं गेलं. गालाची वर आलेली हाडं गेली. दूध पिता पिता सानूच्या पापण्यांवर झोप उतरते तसं काहीतरी त्याच्या तोंडावर उतरलं. अपेक्षाला वाटलं, अजून थोडं. मग अजून थोडं.

"अवो बस कर! शोहर हाये तुहा, फरिश्ता नाई."

"असू दे ना. खरा तर काही गोरा होत नाई तो, इथं तरी होऊ दे."

दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या, पोर उठू नये म्हणून. तेवढ्यात लाइट गेली. अफसाना म्हणाली, "सेव झाला बरं. हे येतीन तवा प्रिंट काढतीन. मी उद्या माहेरी अकोटले जाऊन राहिली, आली का देते तुले."

एक गोष्ट मात्र दोघींच्याही ध्यानात आली नाही. हिवरखेडात असा पांढऱ्या उजेडात बुडालेला फोटो एकाच कामासाठी बनायचा. मेलेल्याच्या तेरवीला हार घालायला. त्या वर्षांत मुजम्मिलनं लग्नांपेक्षा ते काम जास्त केलं होतं, आणि त्यातले कितीतरी चेहरे तरण्या पोरांचे होते. अफसाना तसा उजेड फक्त कडेकडेनं सोडायची. अपेक्षानं अख्खा माणूसच त्यात बुडवला.

बायको माहेरी गेल्यावर मुजम्मिलनं कॉम्प्युटर उघडला आणि नितेशला त्या पांढऱ्या उजेडात पाहून त्याला वाटलं, हाही गेला. दिवाळीत तर याच दुकानासमोर उभं राहून पोट्टा हसत होता. विचारावं तर कोणाला? अफसाना तर अकोटला. त्या घरी जाऊन "खरं का?" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यानं मोठा प्रिंट काढला, चांगली फ्रेम लावली. काच पुसत असताना नितेशच्या घराशेजारच्या सत्यवतीकाकू रेशनकार्डाचा फोटो न्यायला आल्या.

"हा गोदाबाईचा नितेश ना रे?"

मुजम्मिलनं मान खाली घातली. काकूंना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा नळावर गेली, तर बायका बाजूला सरकल्या. "भर वो तू आधी, लेकरू घरी असन तुहं." तिची पहिली शंका तिथं जागी झाली. हिवरखेडात नळावर कोणी कोणाला आधी भरू देत नाही, बाळंतिणीलाही नाही. घागर भरेपर्यंत मागं एकही बाई बोलली नाही. घरी परतली, तर दारात आलेल्या सत्यवतीकाकूंनी सानूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि असा उसासा टाकला की पोरगी रडायलाच लागली.

किराणा दुकानातल्या कॉइनबॉक्सवरून तिनं नितेशला फोन लावला. बंद. परवाही बंदच होता, पण परवा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. दुकानदारानं तिनं टाकलेलं नाणं परत दिलं. हा दुकानदार! याची एक गोळी पोरांना फुकट मिळत नाही.

घरी गोदाबाई खांबाला टेकून बसली होती. सकाळचा चहा तसाच, वर साय धरलेली. अपेक्षा जवळून गेली की तिची नजर सुनेच्या हाताकडे जायची, बांगड्यांवर थांबायची आणि पटकन भिंतीकडे वळायची. अपेक्षानं एकदा मुद्दाम हात पदराखाली घेतला. तरी सासू तिथंच पाहत राहिली. हिला काहीतरी कळलं आहे, अपेक्षाच्या मनानं घेतलं. कळलं आहे, आणि मला सांगत नाही. भाकरी थापताना तिच्या हातून पीठ सांडलं. ते भरताना वळून पाहिलं, तर सासू तिच्याकडंच पाहत होती. चोर पकडायला बसल्यासारखी.

दुपारी सत्यवतीकाकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. झुणका, भाकर.

"आमची चूल पेटली हाये, काकू," अपेक्षा म्हणाली. "हे कायले आणलं?"

काकूंनी गोदाबाईकडे पाहिलं. "असू दे वो बाई. अंगावर पाजतं तू. दोन घास खाय."

ज्या घरी चूल पेटत नाही, त्या घरी असं ताट येतं. अपेक्षानं सानूला छातीशी घट्ट धरलं. "काय लपवून राहिल्या तुमी दोघी? सानूच्या बाबाले काही झालं का? सांगा ना!"

"मले इचारतं?" गोदाबाई ताडकन उठली. "लपवून तू राहिली! गावानं पाहिलं, नळानं पाहिलं, आन् मायलेच पत्ता नाई!"

"काय पाहिलं?"

"फोटू! मुजम्मिलच्या दुकानात. हाराचा फोटू. तूच देल्ला ना बनवाले?"

अपेक्षाला हसू फुटलं. सुटल्याचं हसू, थांबवता येईना असं. सत्यवतीकाकूंनी कपाळाला हात लावला. "झालं. डोकस्यावर परिणाम झाला पोरीच्या."

"नाई वो काकू! आई, तो मीच बनवला. शिकून राहिली ना मी. एकाच फोटोचे दोन करायचे, एकावर एक ठेवायचे..."

"दोन कायले?" गोदाबाईनं विचारलं. "एक जित्याचा आन् एक मेल्याचा?"

जे कॉम्प्युटरवर इतकं सोपं होतं, ते अपेक्षाला अंगणात उभं राहून सांगता येईना.

"खरं असन, तर फोन लाव. बोलू दे मले त्याच्याशी."

तिघी किराणा दुकानात गेल्या. फोन बंद. परत लावला. बंद. अपेक्षानं रिसीव्हर ठेवला. तो उजेड कुठून आला, किती आला, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी आता शंका तिलाच आली. एवढा मोठा गाव उगाच कसा गप्प होईल?

"चाला, आई," ती म्हणाली. "अकोल्यालेच जाऊ."

एसटीत गोदाबाईनं सानूला आपल्या मांडीवर घेतलं. माया म्हणून नाही. या बाईच्या हाती पोर कशी द्यायची, असं घेतलं. अकोटला गाडी बदलली, तरी पोर परत दिली नाही. भूक लागून ती रडायला लागली तेव्हा अपेक्षाकडे सरकवली, आणि दूध पिऊन होताच पुन्हा ओढून घेतली.

जिनिंगच्या फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "नितेश? तो मशीनवर नाई आता. मागच्या शेडात पाहा."

"नाई म्हणजे?"

"पाहा ना तुमी जाऊन."

शेडात हवेतच कापूस तरंगत होता. सरकीच्या पोत्यांवर एक माणूस आडवा पडला होता, पाय सरळ, डोक्यापासून छातीपर्यंत दुपट्टा ओढलेला. दुपट्ट्यावर पांढरा थर बसला होता. चपला नितेशच्या होत्या. गोदाबाई दारातच थांबली. सानूला तिनं इतकं आवळलं की पोर कुरकुरली. "तू पाह्य," ती कशीबशी म्हणाली. "मले नाई होत."

अपेक्षा पुढं गेली. एकेक पाऊल तिला कोणाचंतरी उसनं वाटत होतं. तिनं दुपट्ट्याचं टोक धरलं आणि ओढलं.

नितेशनं डोळे उघडले. "तू?" म्हणाला, आणि पुढचं काही बोलायच्या आत त्याला खोकला आला. साधा नाही. वाकवणारा, गुडघे पोटाशी आणणारा, संपत आला म्हणता म्हणता परत सुरू होणारा. अपेक्षा त्याची पाठ चोळत राहिली आणि हाताला एकेक बरगडी लागत गेली. फटीतून आलेल्या उन्हात त्याचं तोंड समोर होतं. डोळे खोल गेलेले, गाल बसलेले. दिवाळीतही हे थोडं होतंच. तिनं पाहिलं होतं, आणि बरं दिसत नाही म्हणून पुसलं होतं.

"फोन काहून बंद ठेवला तुमी?"

"बोललो का ढास लागते. तुमाले आयकू आलं असतं." त्यानं दम घेतला. "हलकं काम देल्लं आता. होईन बरं."

गोदाबाई जवळ आली. तिच्या तोंडाशी रोजची शिवी आली होती, ती तिनं गिळली. लेकाचं कपाळ चाचपलं, मान चाचपली, मनगट धरून ठेवलं.

"ऊठ. आधी दवाखाना, मंग घर."

"माय, सीझन हाये. गेलो तर जागा जाईन."

"जाऊ दे," म्हणून तिनं त्याची पिशवी उचलली आणि सानूला, दिवसात पहिल्यांदा आपणहून, सुनेकडे दिलं. "धर. मले याले धराचं हाये."

दवाखान्यातून औषधांची पुडी आणि परत दाखवायला यायची ताकीद घेऊन त्यांनी संध्याकाळची एसटी पकडली. नितेशला खिडकीशी बसवलं. गाडी सुटली तसा त्याचा डोळा लागला, मान लवंडली, तोंड किंचित उघडं पडलं. गोदाबाईनं आपला तळहात त्याच्या नाकासमोर धरला.

"आई, झोपले हायेत ते."

"माहीत हाये मले."

हात तसाच. खड्ड्यात गाडी आदळली तरी तसाच. कंडक्टर तिकिटं फाडून गेला, त्यानंही वळून पाहिलं. बाहेर कापसाच्या पऱ्हाटीची वावरं मागं जात होती. बऱ्याच वेळानं, अकोटचे दिवे दिसायच्या आधी, गोदाबाई सुनेकडे न पाहताच म्हणाली, "आता तू धर थोडा वेळ. माहा हात भरून आला."

अपेक्षानं सानूला डाव्या खांद्यावर घेतलं आणि उजवा हात पुढं केला. श्वास लागला. गरम, थोडा घरघरता. पुढचा येईपर्यंत तिनं हात हलवला नाही, आणि गोदाबाईनं त्या हातावरची नजर हलवली नाही.