उद्या ठेवलं का?

मित्रांनो, मी दह्याची एक जुनी मडकी. कुणी कौतुकानं मांडून ठेवावं असं माझ्यात काही उरलेलं नाही. पोट काळपट, काठाला टवका, आणि आत दह्याच्या जागी पालापाचोळा. वरवट बकाल गावातल्या एका घराच्या मागे, बोराटीच्या कुंपणाशी मी कलंडून पडले आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. माझ्याकडे ती नाही.

माझा जन्म साधाच. नदीकाठची माती, त्यात राख आणि लीद. कुंभारानं ती पायानं तुडवली, चाकावर धरली, कुंभारणीनं ओल्या फडक्यानं माझं तोंड गोल केलं आणि आव्यात भाजून काढलं. त्याच आव्यात माझ्याशेजारी माझ्याच मापाची दुसरी एक मडकी भाजत होती. एकच माती, एकच जाळ. म्हणजे बहीणच माझी.

आठवडी बाजारात सोजराबाईनं मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं आणि उचललं. बहिणीला भिमाबाईनं घेतलं. ताटातूट झाली असं वाटलं, पण घरी येऊन पाहते तर दोन्ही घरं पाठीला पाठ लावून. सोजराबाईचं घर शेतकऱ्यांच्या गल्लीचं शेवटचं, भिमाबाईचं घर बौद्धवाड्यातलं पहिलं. मधे हे कुंपण. शेजारी राहूनही आम्हा बहिणींची ताटातूट झालीच. ती कशी, तेच सांगते.

माझे कामाचे दिवस चांगले गेले, हे कबूल करावं लागेल. मातीला तहान असते. दुधातलं जास्तीचं पाणी मी पिऊन टाकायची आणि दही असं लागायचं की मला पालथं केलं तरी पडू नये. जेवायला आलेला पाहुणा दह्याचं नाव काढल्याशिवाय उठत नसे. सोजराबाई म्हणायची, "मडकीचा गुन हाये, माया काही नाही त्यात." खोटं होतं ते. गुण तिच्या एका सवयीचा होता. कितीही माणसं जेवायला असोत, पोरं हट्ट करोत, ती माझ्या तळाशी चमचाभर दही राखायचीच. दुसऱ्या घरांत त्याला विरजण म्हणतात. सोजराबाई त्याला 'उद्या' म्हणायची. घरधनी अर्जुनराव जेवताना मडकी ओढू लागले की ती हात आडवा घालायची. "खरडू नका. तो उद्या हाये."

आजचं दही कालच्या उद्यातून, उद्याचं आजच्यातून. तिच्या लग्नापासून ते कधी मोडलं नव्हतं.

एकदा भिमाबाईची म्हैस व्याली. ती कुंपणाशी आली आणि म्हणाली, "सोजराबाई, जराक विरजन देता काय?" सोजराबाईनं दिलं. मनापासून दिलं, पण कसं दिलं ते ऐका. खाली माझ्या बहिणीचं तोंड, वर सोजराबाईचा हात, आणि चमचा हातभर उंच धरलेला. शिवू नये म्हणून. दही वरून टप्पकन पडलं, थोडं बहिणीच्या काठाला लागलं, थोडं भिमाबाईच्या मनगटावर. भिमाबाईनं ते पुसलं आणि हसली. अशी हसण्याची सवय तिला लहानपणापासून लावलेली होती.

आम्हा दोघींना एकाच कुंभाराचा हात लागला होता. त्यानं कुणाला बाटवलं नव्हतं. चमच्याला मात्र भीती वाटत होती.

त्यानंतर दोन्ही घरांत एकच दही लागत राहिलं. दोघी बाया कापूस वेचायला एकाच शेतात जायच्या, कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या. गल्लीतल्या बाकीच्या घरांनीही सोजराबाईचं विरजण नेलं होतं, पण हळूहळू सगळीकडे दुकानाचं पाकीट आलं आणि त्यांनी ते मोडलं. शेवटी ते दोनच घरांत राहिलं. आमच्या, आणि पाठीमागच्या.

मग सोजराबाईला तोंडाचा आजार झाला. अकोल्याच्या औषधांनी गाठ आटली म्हणे, पण तोंड आतून सोलून निघालं. भाकर बंद, वरण बंद. पाणी पितानाही तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. गळ्याखाली उतरायचं ते फक्त माझ्यातलं दही. दही लावायचं काम अर्जुनरावांवर आलं. खाटेवरून ती रोज विचारायची, "उद्या ठेवलं का?" आणि ते चुलीपाशी बसून म्हणायचे, "ठेवलं व बाप्पा, ठेवलं."

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला त्यांची सून जयमाला पुण्याहून आली. मुलाची कंपनीत पाळी होती, म्हणून ती एकटीच एवढा प्रवास करून आली. पोरगी वाईट नव्हती. सासूची हाडं पाहून ती मोरीत जाऊन रडली, आणि डोळे धुऊन कामाला लागली. सुट्टीच्या सकाळी आईंच्या पोटात काहीतरी हलकं, गार, चांगलं जावं, असं तिनं ठरवलं.

आदल्या संध्याकाळी अर्जुनराव रात्रभर पाणी द्यायला मळ्यात गेलेले असताना तिनं माझ्यातलं दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगलं. सगळं दही. बोटानं तळ निपटून घेतला. कधी नव्हे ते माझं पोट उघडं पडलं. मग तिनं माझ्यावर भांड्यांचा साबण ओतला आणि काथ्यानं घासघासून घासलं. मातीला तहान असते, हे मी मघाशी सांगितलंच. मी तो साबणही प्याले.

सकाळी शाळेच्या भोंग्यावर पोरांची भाषणं चालू होती. समता, बंधुता वगैरे. इकडे स्वयंपाकघरात जयमाला दही रवीनं हलकं करत होती. त्यात थोडा मध. काचेचे तीन पेले तिनं ओळीनं मांडले. सासूच्या पेल्यात तळाला पिकल्या पपईचा गर, त्यावर दही, मग केळ्याच्या चकत्या काचेला चिकटवून उभ्या, आणि पुन्हा दही. आंबट काही नको, टोचणारं काही नको, याचं तिला भान होतं. बाकी दोन पेल्यांत मळ्यातल्या संत्र्याच्या फोडी, राजगिऱ्याच्या लाह्या आणि वर डाळिंबाचे दाणे.

अर्जुनरावांनी पेला उजेडात धरून पाहिला. "हे काय वं? गिलासात अपार्टमेंट बांधली काय?"

"थर आहेत बाबा. खा तर."

"आन सगळ्यात वरच्या मजल्यावर कोन राह्यते?"

"डाळिंब."

"त्याचं भाडं जास्त असंन," खाटेवरून सोजराबाई बोलली. कितीतरी दिवसांनी तिनं थट्टा केली होती. जयमालानं तिला टेकवून बसवलं आणि चमचा थेट तळाला नेऊन सगळे थर एकत्र करत भरवलं. सोजराबाईनं पेला संपवला. ओठ चाटले. मला वाटलं, जगली.

मग तिनं विचारलं, "उद्या ठेवलं का वं?"

जयमाला हसली. "उद्या पण देते आई. रोज देते. तुम्ही फक्त खात राहा."

सोजराबाईनं समाधानानं डोळे मिटले. घरातल्या एका शब्दाचा अर्थ सुनेला कुणी सांगितलाच नव्हता.

संध्याकाळी अर्जुनराव कोमट दूध घेऊन माझ्यापाशी बसले. आत पाहिलं. बोट फिरवलं.

"सूनबाई, उद्या कुठं हाये?"

"उद्या सत्तावीस, बाबा. मला दुपारच्या गाडीनं निघायचंय."

"तारीख नाही विचारून राह्यलो. तळाचं दही कुठं हाये?"

तिला कळलं तेव्हा ती धावत मोरीशी गेली. फडकं धुतलं होतं, पेले धुतले होते, रवी धुतली होती. त्या घरात इतकी स्वच्छता याआधी कधीच झाली नसेल. तिनं दुसऱ्या दिवशीचं जाणं रद्द केलं आणि दुकानातून पाकीट आणून त्याच्यावर माझ्यात दही लावलं. लागलं कसलं, तार सुटलेलं पाणचट काहीतरी झालं, त्याला साबणाचा वास. सोजराबाईनं एक चमचा तोंडात घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. जयमालानं मग पाकिटातलं दही तसंच दिलं, स्टीलच्या वाटीतून. तेही नाही. जिभेला सगळं झोंबत होतं. जे झोंबत नव्हतं ते संपलं होतं.

आणि मित्रांनो, ते संपलेलं नव्हतं. कुंपणापलीकडे माझ्या बहिणीच्या पोटात ते जिवंत होतं.

भिमाबाईला कळायला वेळ लागला नाही. ती बहिणीला दोन्ही हातांत धरून मागच्या दारी आली.

"दादा, सोजराबाईसाठी दही आनलं. त्यायचंच विरजन हाये हे. मी एक दिवस मोडू नाही देल्लं."

"राहू दे भिमाबाई. घरात पाकीट हाये."

"पाकीट त्यायच्या गळ्याखाली उतरून नाही राह्यलं, म्हनून तं आनलं."

अर्जुनराव दारात आडवे उभे होते. आवाज न चढवता म्हणाले, "इकडून तिकडं जाते. तिकडून इकडं येत नाही. तुले काय सांगा लागते काय?"

"नाही," भिमाबाई म्हणाली. "वरून पडलं तवाच समजलं होतं. पन आता बाईच्या जिवाचं हाये, दादा."

खाटेवरून आवाज आला, "आनू द्या तिले."

"तू पडून राह्य. तुले समजून नाही राह्यलं."

"समजून राह्यलं," सोजराबाई म्हणाली. "आताच समजून राह्यलं."

जयमाला खांबाला धरून उभी होती. शिकलेली, पुण्यात राहणारी, तिथं कुणाच्याही हातचं खाणारी. एक पाऊल पुढे टाकून तिनं मडकी घेतली असती तर अर्जुनरावांनी तिचा हात धरला नसता. पण सुनेनं सासऱ्यापुढे बोलायचं नसतं, हे तिला नेमकं तेव्हा आठवलं. तिनं पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

भिमाबाईनं बहिणीला कुंपणाजवळच्या दगडावर ठेवलं. "ठेवून राह्यली मी. मन झालं तं घ्या." ती गेली. मी ओट्यावरून पाहत होते. अंधार पडेपर्यंत कुणी दगडाकडे गेलं नाही. मग गल्लीतलं कुत्रं आलं आणि ते दही त्यानं चाटूनपुसून खाल्लं. कुत्र्याला कुणी काही बोललं नाही. ते तर आमच्या ओसरीवरच झोपतं.

सकाळी भिमाबाई रिकामी मडकी घेऊन गेली. तिच्या घरी वाटीत उद्या ठेवलेला होता. तिला ठेवायला कुणी शिकवलं, ते तुम्हाला माहीत आहे.

सोजराबाईनं नंतर कशालाच तोंड उघडलं नाही. अर्जुनराव पाकिटातलं दही माझ्यात ओतून खाटेजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "तुह्यंच हाये, घे." ती बोट बुडवून वास घ्यायची आणि हात मागे घ्यायची. शेवटी-शेवटी फक्त विचारायची, "उद्या हाये का?" ते म्हणायचे, "हाये." थंडी सरायच्या आत खाट अंगणात आली आणि धुऊन भिंतीला उभी केली गेली.

अर्जुनराव आता एकटेच राहतात. मागं एका संध्याकाळी ते मला हातात घेऊन कुंपणापर्यंत आले. पलीकडे भिमाबाई दूध तापवत होती, वास येत होता. एक हाक मारायची होती, बस्स. तिनं विरजण दिलं असतं. कसं दिलं असतं, तेही मला माहीत आहे. ती हाक त्यांनी मारली नाही. मग मला इथंच खाली ठेवलं आणि घरात गेले. त्या दिवसापासून मी इथं आहे.

आत्मवृत्ताच्या शेवटी मडकीनं सांगायचं असतं, की माझी काळजी घ्या, मला साबण लावू नका, उन्हात तापवून ठेवा. लावू नकाच साबण. पण तेवढ्यानं काय होणार? मी फुटले तर कुंभाराकडे दुसरी आहे. मित्रांनो, तुमच्या घरातला चमचा पाहा. कुणाला काही देताना तो किती उंच धरला जातो, ते पाहा. आई धरत असेल, आजी धरत असेल, त्या कितीही मायाळू असोत, त्यांचं मनगट धरा आणि खाली आणा. भांड्याला भांडं लागू द्या. आणि तिकडून कुणी काही घेऊन दारात आलं, तर खांबाला धरून उभे राहू नका.

तुम्ही कराल, अशी मला फार आशा नाही. भोंग्यावर बोलणारी पोरंही तुमच्याच वयाची होती.

पलीकडे रात्रीचं दही लागतं आहे. या घरात उद्या नाही.